पाच वर्षे, २३ दुरुस्त्या, मग शून्य

१३ नोव्हेंबर २०२५ रोजी पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसच्या आवृत्ती १३ची अखेरची दुरुस्ती निघाली: १३.२३. ही आवृत्ती २४ सप्टेंबर २०२०ची. म्हणजे १,८७६ दिवसांत २३ दुरुस्त्या, सरासरी दर ८२ दिवसांनी एक. यापुढे समुदायाकडून तिला काही मिळणार नाही. डेटाबेस बंद पडत नाही, नोंदी होत राहतात. नवी भोके बुजवणारे मात्र कोणी उरत नाही.

२०२४च्या नोव्हेंबरात आवृत्ती १२ निवृत्त झाली, २२ दुरुस्त्यांनंतर. २०२३मध्ये ११, तिच्याही २२. दरवर्षी एक नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे मिळतात, त्यामुळे एका वेळी बहुतेक काळ पाचच आवृत्त्या सांभाळल्या जातात. सहावी ठेवायची तर तपासायच्या शाखा २० टक्क्यांनी वाढतील.

आवृत्ती ११मध्ये पुण्याचे काम आहे. तक्त्याच्या एका विभागातली नोंद बदलली की ती आपोआप योग्य विभागात हलवण्याची सोय अमित खांडेकर यांची, विभागवार जोडणी आशुतोष बापट यांची. दोघेही एन्टरप्राइझडीबी या कंपनीच्या पुणे कार्यालयात काम केलेले. ११ संपली तरी या सोयी पुढच्या आवृत्त्यांत आहेत. निवृत्ती क्रमांकाची होते, कामाची नाही.

उशिराची किंमत फेब्रुवारी २०२५मध्ये दिसली. सीव्हीई-२०२५-१०९४ या सुरक्षा त्रुटीची तीव्रता १० पैकी ८.१ होती. तिची दुरुस्ती १३ ते १७ या पाच आवृत्त्यांना मिळाली. १२ला नाही, तिची मुदत ९१ दिवसांपूर्वी संपली होती.

तरीही लोक जुन्या आवृत्तीवर का राहतात? बऱ्याचदा अडते ते मॉड्यूलपाशी. पोस्टग्रेससोबत येणारी पूरक मॉड्यूल अधूनमधून वगळली जातात: १०मध्ये टीसर्च२, ११मध्ये चेकपास, १२मध्ये टाइमट्रॅव्हल, १७मध्ये अ‍ॅडमिनपॅक. यातले अ‍ॅडमिनपॅक पीजीअ‍ॅडमिन या व्यवस्थापन साधनाच्या जुन्या पिढीसाठी होते. आज ते कोणी वापरत नसले, तरी डेटाबेसमध्ये त्याची नोंद राहिलेली असते. १७वर जाताना पीजी_अपग्रेड हे आवृत्ती बदलण्याचे साधन ती नोंद पाहते, नव्या आवृत्तीत तिची फाइल सापडत नाही, आणि काम तिथेच थांबते. न सापडलेल्या फाइलींची यादी ते एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवते. ती यादी वाचून मॉड्यूल काढायला एक आज्ञा पुरते. यादी न वाचता ‘अपग्रेड होत नाही’ म्हणत तीन वर्षे काढता येतात.

उलट उदाहरण एक्सएमएल२चे. ते काढून टाकणार असे आवृत्ती ८.३च्या, म्हणजे २००८च्या, दस्तऐवजात लिहिले आहे. २०२५च्या आवृत्ती १८मध्येही ते आहे.

मुदतीचा नियमही एकदा वाकला. १४ नोव्हेंबर २०२४ची १२.२१ शेवटची ठरायची होती. त्या दिवशीच्या बदलांनी टाइमस्केलडीबीसारखी बाहेरची एक्स्टेंशन मोडली. सात दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, समुदायाने निवृत्त १२साठीही १२.२२ काढली. आपल्याच शेवटच्या दुरुस्तीने झालेले नुकसान भरून देणे त्यांनी जबाबदारी मानली, आणि ते योग्यच होते. त्यावरून सहाव्या वर्षाची आशा धरू नये.

पुणे–सातारा रस्त्यावरच्या किकवीसारख्या गावात पतसंस्था किंवा दूध संस्था डेटाबेस स्वतः निवडत नाही. विक्रेता बसवून देतो आणि दरवर्षी देखभाल कराराचे (एएमसी) पैसे घेतो. त्या करारात आवृत्तीचा क्रमांक, मॉड्यूलची यादी आणि निवृत्तीची तारीख या तीन ओळी असायला हव्यात. तारीख शोधावी लागत नाही, ती पाच वर्षे आधीच जाहीर असते. आवृत्ती १४ची आहे १२ नोव्हेंबर २०२६.