गाडी दोन इंच उचलली की स्टिअरिंग का भटकतं?

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणारा वारा बाजूने लागला, की उंच केलेली फोर-बाय-फोर चालवणाऱ्याचे दोन्ही हात गुंततात. महामार्गावर कराडच्या दिशेने नव्वदचा वेग धरला तरी तेच. गाडी सरळ जाते, पण तिला सतत सरळ ठेवावं लागतं. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून मधे येत नाही. यावर ‘अलाइनमेंट करून घ्या’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. बऱ्याचदा तिथे फक्त टो जुळवला जातो आणि दुखणं मात्र कास्टरचं असतं.

गाडी उंच करण्याची हौस मी समजू शकतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी ज्यांनी दारात पाहिलंय, त्यांना तर ती हौस वाटणारच नाही. प्रश्न एवढाच, की स्प्रिंग बदलल्यावर बाकीचं कोण बदलणार?

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो मागे कललेला असतो. त्याच्या वळण्याच्या अक्षाची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. म्हणजे टेकण्याची जागा अक्षाच्या मागे फरफटत येते आणि चाक आपोआप सरळ होऊ बघतं. मोटारीत या कलण्याच्या कोनाला कास्टर म्हणतात आणि त्या मागे राहण्याच्या अंतराला ट्रेल.

आता जिम्नी घ्या. पुढचा अ‍ॅक्सल अखंड, आणि तो दोन रेडियस आर्मना घट्ट धरलेला. आर्मचं मागचं टोक चॅसीवर. चॅसी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, आर्म पुढे झुकतो आणि सोबत अ‍ॅक्सलही पुढे लोळतो. आकडे सोपे धरू: आर्म ७०० मिमी, सुरुवातीला आडवा, लिफ्ट ५० मिमी. कोन बदलला सुमारे ४.१ अंश. मूळ कास्टर ३ अंश असेल तर आता उणे १. टायरची त्रिज्या ३५० मिमी धरली, तर ट्रेल साधारण १८ मिमीवरून उणे ६ वर आला! (हे उदाहरण आहे, कंपनीचे आकडे नव्हेत. तुमच्या गाडीचे मोजूनच घ्या.)

मग गाडी चालते तरी कशी? कारण दुसरा एक ट्रेल टायरच्या रबरातच असतो. वळताना बाजूचा जोर टायरच्या ठशाच्या बरोबर मध्यावर लागत नाही, थोडा मागे लागतो. तो न्यूमॅटिक ट्रेल गाडीला सांभाळून घेतो. पण टायर घसरायला लागला की तो घटत जातो. पावसाळ्यात कुंभार्ली घाटातल्या ओल्या वळणावर स्टिअरिंग जिथे बोलायला हवं, नेमकं तिथेच ते गप्प होतं. माझ्या मते लिफ्टचा खरा धोका हा आहे. हायवेवरचं भटकणं निदान जाणवतं तरी.

जिम्नीसारख्या गाडीत इलाज म्हणजे आर्मच्या टोकाला मध्य सरकवलेले बुश, चॅसीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट किंवा वेगळ्या कोनाचे आर्म. जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप अशा पाटा स्प्रिंगच्या गाड्यांत पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मधे स्टीलची पाचर घालतात. जाड बाजू पुढे की मागे, हे पाटा अ‍ॅक्सलच्या वर आहे की खाली यावर ठरतं. तेव्हा अंदाजपंचे नको, कोनमापक लावून बघा. शॅकल लांब करून उंची मिळवली असेल तर तोही कोन हिशेबात धरा.

कास्टर परत आणताना अ‍ॅक्सल मागे लोळतो, म्हणून पिनियनचं तोंड खाली जातं. ट्रान्सफर केस तर वर गेलेला असतो. त्यामुळे पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. दोन्ही बाजू एकदम जिंकता येत नाहीत. शिवाय कास्टर वाढवतच नेणंही बरं नव्हे, चाक फडफडू शकतं. या फडफडीला शिमी म्हणतात. हान्स पासेयका यांनी १९६६ मध्ये डेल्फ्टला याच विषयावर डॉक्टरेट केली, यावरून गुंता कळावा.

आता ड्रॅग लिंक. ती ९०० मिमीची आहे, दोन टोकांच्या उंचीतला फरक ५० मिमीवरून १०० झाला असं धरा. तिची आडवी लांबी जवळपास ४ मिमीने घटते आणि नकल ओढला जातो. पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत तो रॉडही अ‍ॅक्सलला साधारण तेवढाच त्याच बाजूला सरकवतो, कारण दोन्ही रॉड जवळपास समांतर असतात. म्हणून फक्त पिटमन आर्म खालचा बसवून पॅनहार्ड तसाच ठेवणं मला पटत नाही. समांतरपणा मोडला की प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून वळणार. पाटा स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड सहसा नसतोच, तिथे ड्रॅग लिंक शक्य तितकी आडवी ठेवणं महत्त्वाचं.

नव्या थारचं गणित निराळं. पुढे डबल विशबोन, त्यामुळे आर्मसोबत अ‍ॅक्सल लोळण्याचा प्रश्नच नाही. तिथे टो आणि कँबर बदलतात, आणि सीव्ही जॉइंट तिरपे होतात.

कामाचा क्रम पाळा. आधी टायरची हवा, बुश आणि बॉल जॉइंटची ढिलाई तपासा, मग कास्टर, मग पॅनहार्डने अ‍ॅक्सल मध्यावर आणा, मग टो, आणि शेवटी ड्रॅग लिंकने स्टिअरिंग सरळ करा. ब्रेक होज पूर्ण वळणावर ताणली जात नाही ना, हेही बघा. आणि खर्च करण्याआधी आरटीओत विचारा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांबाबत कडक आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय.