रस्त्यावरचे भांडण, एकाच घरातले दोघे

सायकलवाला म्हणतो, गाडीवाले माजलेत; कट मारतात, मागून हॉर्न वाजवत अंगावर येतात. गाडीवाला म्हणतो, सायकलवाल्याला ना लायसन्स ना नंबर. सिग्नल तोडतो, उलट्या बाजूने येतो आणि धक्का लागला की दोष मात्र आमचा. पुण्यातल्या कोणत्याही चौकात हे भांडण ऐकू येते. आपल्या वस्तीत तर दोन्ही बाजू एकाच घरात सापडतात. वडील सायकलवरून वॉचमनच्या ड्युटीला जातात, मुलगा मोटारसायकलवरून पार्सल पोचवतो. जखमी कोणीही झाला तरी चूल एकच विझते. म्हणून आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे.

एकेकाळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटार होती पाच टक्क्यांहून कमी घरांत. तरी रस्ते मोटारीचा विचार करून रुंद झाले. पुण्यात बीआरटीच्या रस्त्यांलगत सायकल ट्रॅक बांधले गेले, २०१७ साली महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. पण ट्रॅकवर कुठे गाड्या उभ्या असतात, कुठे फरशा उखडलेल्या, तर कुठे ट्रॅक मध्येच संपतो. मग सायकलवाला मुख्य रस्त्यावर येतो आणि शिव्या खातो.

नियम का मोडतात?

दुभाजकाला जवळपास तोड नसते. पुढे जाऊन वळून यायचे तर पायाने पेडल मारणाऱ्याला ती मोठीच रपेट होते. म्हणून तो उलट्या बाजूने निघतो. कारण समजण्यासारखे आहे, पण धोका त्याने कमी होत नाही. सायकलचा वेग ताशी १५ आणि गाडीचा ४० किलोमीटर धरा. एकाच दिशेने जाताना दोघांच्या वेगातला फरक २५ असतो. समोरासमोर आले की तो ५५ होतो. शिवाय गल्लीतून वळणारा गाडीवाला ज्या बाजूने वाहने येतात तिकडेच पाहतो. उलट्या बाजूने येणारा त्याला दिसतच नाही.

गाडीवाल्याचीही कारणे असतात. पार्सल वेळेत पोचवायचे, रिक्षाची फेरी वाढवायची. पण ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढे अंतर संपते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. चूक दोघांकडूनही होते, पण सायकलवाल्याभोवती ना पत्रा असतो ना एअरबॅग. म्हणून ज्याचे वाहन जड, त्याची जबाबदारी जास्त, असे आम्ही मानतो.

सायकलवर असाल तर

डाव्या बाजूने, सरळ रेषेत चला. अगदी कडेला चिकटू नका. तिथे खडी, गटाराचे झाकण आणि उभ्या गाडीचा अचानक उघडणारा दरवाजा असतो. वळण्याआधी मागे पाहा, हात दाखवा. बस किंवा डंपर डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या अंगाने घुसू नका. ड्रायव्हरला त्या कोपऱ्यातले दिसत नाही. दुभाजक आडवा आला तर उतरून सायकल हातात धरा आणि झेब्रा पट्ट्यांवरून चालत रस्ता ओलांडा. मागच्या मडगार्डला लाल चमकपट्टी लावा. रात्रपाळीला फिकट रंगाचा शर्ट घाला. ब्रेकचे रबर झिजले असेल तर बदला.

गाडीवर असाल तर

सायकलला ओलांडताना हातभर नव्हे, चांगले दीड मीटर अंतर ठेवा. जागा नसेल तर मागे थांबा. मागून हॉर्नचा कर्कश आवाज काढू नका. सायकलवाला दचकतो आणि तोल जातो. लाल सिग्नल तोडणे, हातात फोन धरणे आणि उलट्या दिशेने गाडी हाकणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. त्याला दंड आहे, तुरुंगवासही आहे.

अपघात झालाच तर

आधी भांडण थांबवा. १०८ ला फोन करा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. हळद, चुना किंवा कॉफी पावडर भरू नका. मानेला झटका देऊ नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. डोक्याला मार लागला आणि उलटी, झोपाळूपणा, बडबड, कानानाकातून रक्त किंवा पाणी यांतले काही दिसले, तर ‘घरी पडून राहा’ म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

पाचशेची नोट घेऊन रस्त्यावर मिटवू नका. डोक्याचा मार काही तासांनीही उमटतो, तोवर गाडीवाला निघून गेलेला असतो. गाडीचा नंबर लिहून घ्या, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला, तो सायकलवर असला तरी, मे २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. मात्र सायकलवाला उलट्या बाजूने आला होता असे ठरले, तर दाव्यातली भरपाई कमी होऊ शकते. नियम पाळायचे ते यासाठीही.

सायकल ट्रॅक मोकळा करा, दुभाजकाला ओलांडण्याची जागा द्या, असा अर्ज वस्तीच्या सह्यांनिशी वॉर्ड ऑफिसात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोवर येत्या रविवारी वस्तीतल्या सगळ्या सायकली एका जागी आणा. ब्रेक तपासा, चमकपट्टी लावा. हे काम मोटारसायकलवाल्या पोरांकडे सोपवा. ज्या सायकलीला पट्टी आपल्या हाताने लावली, तिला रात्री कट मारायला हात धजत नाही.