लघवीची तपासणी आणि रोगाची तीव्रता

डॉक्टरांनी लघवी तपासून आणायला सांगितली की पुष्कळांना नवल वाटते. दुखणे छातीचे, खोकला घशातला, मग लघवी कशाला पाहायची? शंका रास्त आहे. आज तिचाच थोडा उलगडा करू.

उदाहरण म्हणून २०२० साली जगभर पसरलेली कोविडची साथ घ्या. पहिल्या आठवड्यात बहुतेक रोगी सारखेच दिसत: ताप, खोकला, अंगदुखी. त्यांतले पुष्कळसे घरच्या घरी बरे होत. पण काहीजण आठवड्याभराने एकाएकी धापा टाकू लागत. इस्पितळात खाटा मोजक्या आणि प्राणवायूही मोजकाच. अशा वेळी कोणावर आधी नजर ठेवायची, हे अगोदर कसे ओळखावे?

याचे एक उत्तर आपल्या मूत्रपिंडांत सापडते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख अतिसूक्ष्म चाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा पुन्हा रक्तात जातो आणि दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे बाहेर पडतो. रक्तातले आल्ब्युमिन हे प्रथिन आणि तांबड्या पेशी मात्र चाळणीच्या अलीकडेच राहतात. पिठाची चाळण फाटली की कोंडा पिठात उतरतो ना? त्याचप्रमाणे या चाळण्या दुखावल्या की प्रथिन आणि रक्त लघवीत उतरते. आता, या चाळण्या म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचीच गुंतवळ. विषाणूशी झगडताना शरीरात मोठा दाह उठला, तर अशा रक्तवाहिन्या ठिकठिकाणी दुखावतात, फुप्फुसांतही. फुप्फुसातले आपल्याला बाहेरून दिसत नाही, लघवी मात्र बाटलीत धरून पाहता येते.

वुहान येथील टोंगजी रुग्णालयात २०२० साली दाखल झालेल्या ७०१ रोग्यांची अशी पाहणी झाली. दाखल होतानाच ४३.९ टक्के रोग्यांच्या लघवीत प्रथिन, तर २६.७ टक्के रोग्यांच्या लघवीत रक्त सापडले. आणि ज्यांच्यात ते सापडले, त्यांच्या जिवाला धोका अधिक असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून सुचविले, की रोग्याची लघवी आरंभीच तपासावी. तीत दोष आढळला, तर रक्तातले आल्ब्युमिन आणि अँटिथ्रॉम्बिन मोजावे. आल्ब्युमिन रक्तातले पाणी रक्तवाहिनीतच धरून ठेवते. ते घटले की पाणी झिरपून फुप्फुसात साचू शकते. अँटिथ्रॉम्बिन घटले की रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

ही परीक्षा मुळात फार जुनी. लंडनच्या गाइज रुग्णालयातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांच्या काळी, म्हणजे १८२७ च्या सुमारास, चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवीत. प्रथिन असले की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गढूळ होऊन गोठे. आज रासायनिक कागदाची पट्टी लघवीत बुडवली की एक-दोन मिनिटांत काम होते. प्रथिन असल्यास पट्टीवरची पिवळी चौकट हिरवट होते. खर्चही अगदी थोडा.

पण म्हणून पट्टी हिरवी झाली की हातपाय गाळू नका. नुसत्या तापाने किंवा फार श्रमाने थोडे प्रथिन लघवीत उतरू शकते. मधुमेह, रक्तदाब, मूत्रमार्गाचा दाह यांतही ते दिसते. बायकांच्या पाळीच्या दिवसांत रक्त दिसणे तर साहजिकच. यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, संकोच करू नये. उलट, लघवी निर्मळ आली म्हणून निर्धास्तही राहू नये. धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले, रोगी भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर कोणत्याही तपासणीची वाट न पाहता त्याला इस्पितळात न्यावे.

आणि नमुना देताना एवढे लक्षात ठेवा: बाटली डॉक्टरांकडची, स्वच्छ घ्यावी; सुरुवातीची धार सोडून मधली धरावी; आणि ती लवकर पोहोचती करावी. घरातल्या जुन्या औषधाच्या बाटलीत सकाळी भरून संध्याकाळी नेलेली लघवी डॉक्टरांची दिशाभूलच करील.