उजव्या हाताची तीन बोटं

आज ऐकताना उजवा हात मोकळा ठेवा. भाकरी थापत असाल तर हात धुऊन या, मी थांबते.

गेल्या महिन्यात माझी पुतणी सराव परीक्षेचा पेपर घेऊन रडत आली. जनित्राच्या प्रश्नात विजेची दिशा उलटी लिहिली होती. तिनं नियम नीट पाठ केला होता, पण हात डावा वापरला. उजव्या हातात पेन होतं ना!

दहावीच्या विज्ञानात हा फ्लेमिंगचा नियम आहे. चुंबकाजवळ तार हलवली की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलं. ती कुठल्या बाजूला वाहते, हे बोटांवर ओळखायची युक्ती पुढे इंग्लंडमधल्या फ्लेमिंग यांनी दिली.

आता करा. अंगठा वर, त्याच्या शेजारचं बोट समोर, मधलं बोट डावीकडे. उरलेली दोन मिटा. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळते ना, तिथल्या तीन कडांसारखी ही बोटं काटकोनात हवीत. अंगठा म्हणजे तार हलते ती दिशा. शेजारचं बोट म्हणजे चुंबकाचं क्षेत्र, उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे. मधलं बोट म्हणजे वीज.

समजा, उत्तर ध्रुव तुमच्या बाजूला, दक्षिण ध्रुव पलीकडे, आणि मधे आडवी तार. ती वर उचलली, तर वीज डावीकडे जाते. आता अंगठा खाली करा, पहिलं बोट समोरच ठेवा. मधलं बोट उजवीकडे वळलं? खाली नेताना वीजही तशीच उलटी वाहते. तार धरून ठेवली, तर काहीच नाही. आणि तारेची टोकं जोडून वाट पूर्ण हवी, नाहीतर वीज वाहणार कशी?

जनित्रात तारेचं वेटोळं फिरतं. त्याची एकच बाजू कधी वर जाते, कधी खाली, म्हणून वीज सारखी दिशा बदलते. आपल्या घरातली वीज सेकंदाला १०० वेळा बदलते!

सायकलच्या डायनमोत मात्र बहुधा चुंबक फिरतो आणि तार जागेवर असते. तिथं अंगठा चुंबकाच्या उलट दिशेला धरायचा. इथं पोरं हमखास चुकतात.

डावा हात मोटरसाठी. पिठाची चक्की, मिक्सर, विहिरीवरचा पंप, जिथं विजेनं काही फिरतं तिथं डावा. फिरवून वीज मिळते तिथं उजवा.

पुतणीला सांगितलंय, हा प्रश्न आला की आधी पेन खाली ठेव.