बंधपत्राने डॉक्टर थांबतील काय?

लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी १९०५ साली झाली आणि १९११ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. त्यापूर्वी संयुक्त प्रांतातील तरुणाला वैद्यकीय पदवीसाठी लाहोर अथवा कलकत्ता गाठावे लागे. डॉक्टर घडवायचे कोठे, ही त्या काळची चिंता होती. आज घडलेले डॉक्टर टिकवायचे कसे, ही चिंता आहे. महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले, ऐंशीच्या दशकात संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली आणि पूर्वांचलापासून नेपाळपर्यंतचे रुग्ण लखनऊकडे येऊ लागले. मात्र गेल्या दशकात शहरात मोठी खासगी रुग्णालये आली. आता सरकारी सेवा सोडणाऱ्या तज्ज्ञाला शहरही सोडावे लागत नाही.

या गळतीचे कारण म्हणून वेतनाकडे बोट दाखवणे सोपे आहे. प्रशासनात असताना माझ्यासमोर आलेल्या राजीनाम्यांत बहुधा एकच वाक्य असे: ‘वैयक्तिक कारणास्तव’. कारण विचारल्यावर मात्र वेगळेच ऐकू येई. सलग रात्रपाळ्या, दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी करणारा जोडीदार, तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेले वडील. कारण घरातले असले, तरी त्याचे मूळ कर्तव्यतक्त्यात असे.

उत्तर प्रदेश शासनाने योजलेले उपाय प्रामुख्याने माणूस अडवून ठेवणारे आहेत. पदव्युत्तर शिक्षणानंतर दहा वर्षांची शासकीय सेवा, अन्यथा एक कोटी रुपयांचा दंड, अशी अट घालण्यात आली. निवृत्तीचे वय २०१७ मध्ये साठवरून बासष्ट आणि पुढे पासष्ट करण्यात आले. अनुभवी हात काही काळ मिळाले, हे मान्य. परंतु कामाच्या तासांना यांपैकी कशानेही स्पर्श केला नाही.

तासांचा इतिहास उद्बोधक आहे. अलाहाबादच्या मोतीलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर समान निवासी डॉक्टर योजना राबवण्यास सांगितले. १९९२ च्या केंद्रीय निर्देशांत दिवसाला सर्वसाधारणपणे बारा आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत आकड्याच्या जागी ‘वाजवी तास’ असा शब्दप्रयोग आला. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. तीन दशकांत मर्यादाच वर सरकली. त्याच कृतिदलाच्या सर्वेक्षणात ४५ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आठवड्याला साठहून अधिक तास काम करत असल्याचे सांगितले, तर निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुटी मिळत नव्हती. २०१८ ते २०२२ या काळात वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडणाऱ्या १,२७० विद्यार्थ्यांपैकी १,११७ पदव्युत्तर होते. गळती नोकरीपूर्वीच, प्रशिक्षणातच सुरू होते.

परिचारिकांची स्थिती याहून बिकट. घरची बहुतेक जबाबदारी त्यांच्यावर, आणि अनेकींची नेमणूक कंत्राटी. त्यांच्या गळतीची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. कंत्राट संपले की नावही संपते.

हा प्रश्न केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीचा मानू नये. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची तरुणी रुग्णालयात दगावली, तेव्हा थकलेल्या निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर वाद पेटला आणि १९८९ मध्ये त्या राज्याने ऐंशी तासांची मर्यादा लागू केली. थकव्याचा धोका अखेर रुग्णालाच असतो, हे तेथे एका मृत्यूनंतर उमगले.

उपाय फार खर्चिक नाहीत. कर्तव्यतक्ता महिनाभर आधी जाहीर व्हावा. हजेरीचे यंत्र उशीर टिपते, तसे जादा तासही त्याने टिपावेत. पती-पत्नीच्या एकत्र नेमणुकीला धोरणात स्थान आहेच, ते अंमलबजावणीतही मिळावे. पाळणाघर रात्रपाळीतही उघडे असावे. लेखी कामासाठी वेगळा लिपिकवर्ग असावा आणि प्रत्येक राजीनाम्यामागील खरे कारण विचारून ते विधिमंडळासमोर दरवर्षी ठेवले जावे.

बंधपत्राची रक्कम शासनाला वसूल करता येईल. पण डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीसमोर पहाटेपासून बसलेल्या बहराइचच्या रुग्णाला त्या कोटी रुपयांचा काय उपयोग?