गाडीच्या पोटाखालचा आधार

गणपतीला दोन दिवस उरले, की कसालहून मालवणकडे येणाऱ्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रीघ लागे. आमच्या लहानपणी त्या रिघेत फियाट हटकून असे. पुढे चाकरमानी निवृत्त होऊन गावी परतला, की गाडीही त्याच्याबरोबर येई आणि खळ्याच्या कडेच्या मांगरात उभी राही. अशा काही गाड्या आमच्या भागात आजही आहेत. मालक त्यांना पुसतात, झाकतात, दसऱ्याला हार घालतात. पण त्यांच्या पोटाखाली सहसा कोणी वाकून पाहत नाही. आजचा विषय त्या पोटाखालचा आहे.

या व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, अध्यात्म यांवर बोलणारी विद्वान मंडळी येतात. आम्ही शाळा लवकर सोडली, गॅरेजात हेल्पर म्हणून पाने पुसले, दुरुस्तीची इंग्रजी पुस्तके रात्री शब्दकोश घेऊन वाचली आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. तेव्हा हाताला जे ठाऊक आहे, तेच येथे मांडतो.

प्रथम गाडीची ओळख. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७० च्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कारखान्यातले उत्पादन तर त्याच्या वीसएक वर्षे आधीच थांबले होते. म्हणजे आता उरलेली प्रत्येक गाडी दुरुस्तीवरच जगणार.

या गाडीत इंजिन पुढे आणि चालणारी चाके मागची. इंजिन आणि त्याच्या पाठीला जोडलेली गिअरबॉक्स मिळून एकच जड धूड होते. या धुडाला पुढे दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सच्या शेपटाखाली एक, असे आधार असतात. मागचा आधार म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये चिकटवलेला रबराचा ठोकळा. आमचे मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात. हा ठोकळा ज्या आडव्या लोखंडी पट्टीवर बसतो तो क्रॉस मेंबर. त्याची दोन्ही टोके गाडीच्या तळाला बोल्टांनी आवळलेली असतात.

रबर कशाला, असे कोणी विचारील. जुन्या काळी अनेक गाड्यांत इंजिन सांगाड्यालाच आवळून टाकीत, आणि त्याची थरथर बसणाऱ्याच्या दातांपर्यंत पोचे. चार्ल्स गुडइयरने गंधक घालून रबर तापवण्याच्या कृतीचे पेटंट १८४४ साली घेतले, तेव्हापासून उन्हाने न पाघळणारे आणि थंडीने न तडकणारे रबर मिळू लागले. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लरच्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरी आधारांवर तोलून बसवले, आणि ही पद्धत गाजली. आपल्या दोडामार्गात ज्या झाडाचा चीक उतरवतात, त्याच चिकाची ही करामत.

या ठोकळ्याला दोन कामे असतात. एक, वजन पेलणे. दुसरे, पीळ सोसणे. क्लच सोडताना इंजिन चाकांना फिरवू पाहते, तेव्हा ते स्वतः उलट दिशेला पिळवटते. पहिल्या आणि मागच्या गिअरात हा पीळ सर्वांत मोठा. ठोकळा शाबूत असेल तर तो किंचित वाकून पुन्हा जागेवर येतो. परंतु गळक्या तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते, वयाने ते कडक होते, आणि अखेर लोखंडापासून सुटते. आमच्या किनाऱ्यावर आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे खारा वारा. क्रॉस मेंबरच्या घडीत चिखल आणि मीठ साचते, आणि वरून धडधाकट दिसणारी पट्टी आतून पापुद्र्यापापुद्र्याने झडते.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. क्लच सोडताना तळातून ठक्क असा आवाज येतो. मागे घेताना तो अधिक स्पष्ट होतो. या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो आणि तेथून सळया गिअरबॉक्सपर्यंत जातात. गिअरबॉक्सचे शेपूट खचले, की या सळयांचे माप चुकते. गिअर जड पडतो किंवा चालता चालता सुटतो. पुष्कळ वेळा मालक गिअरबॉक्स उघडायला सांगतो, आणि दोष मात्र या ठोकळ्यात असतो.

आता काम. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, बॅटरीची तार काढावी आणि गंजक्या बोल्टांवर आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवावे. गाडी जॅकने उचलावी, पण जॅकवर ठेवू नये. तिच्या खाली लोखंडी घोड्या लावाव्यात, गाडी त्यांच्यावर टेकवावी, हाताने हलवून पाहावी आणि मगच खाली शिरावे.

येथे थोडे थांबतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गॅरेजात पावसाळ्यात असेच काम चालले होते. अंगण जांभ्या मातीचे, गाडी नुसत्या जॅकवर, आणि खाली एकोणीस वर्षांचा मुलगा. भिजलेल्या मातीत जॅकचा पाय कलला. मुलगा वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मालक म्हणाला, पोराचा हलगर्जीपणा. आम्ही त्या गॅरेजात घोड्या शोधल्या, एकही नव्हती. कामावर झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने आला. तरी त्या मुलाला ती मिळवून देताना आमच्या चपला झिजल्या. पैसे मिळाले, हात मिळाला नाही. तेव्हा गाडी दुरुस्तीला टाकणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला आमचे सांगणे आहे : किती पैसे आणि किती दिवस हे विचारण्याआधी, गाडीखाली घोड्या आहेत का ते पाहा.

पुढे चला. दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली लावावा, मध्ये फणसाच्या लाकडाची जाड फळी ठेवावी, म्हणजे दाब एका ठिकाणी येत नाही. इंजिनाच्या तेलाच्या पत्र्याच्या तसराळ्याखाली जॅक लावू नये. तो पत्रा चेपतो. रबरावरचा भार सुटेल इतकेच उचलावे. शेपूट फार वर गेले तर पंखा रेडिएटरला लागू शकतो. फार खाली गेले तर इंजिनाचा माथा मागच्या पत्र्याला टेकतो. मग ठोकळ्याचे नट, आणि शेवटी क्रॉस मेंबरचे बोल्ट काढावेत. कोणता वॉशर कोठे होता, पट्टीची कोणती बाजू पुढे होती, हे खडूने लिहून ठेवावे.

जुना आणि नवा ठोकळा शेजारी ठेवून उंची आणि भोकांमधले अंतर मोजावे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आज ठिकठिकाणांहून येतात, दिसायला सारखे असतात आणि उंचीला चुकतात. उंची चुकली, की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि वेगात गाडी थरथरते. जुना ठोकळा मुळातच दबलेला असतो, हेही ध्यानात धरावे. क्रॉस मेंबर घासून सपाट फरशीवर ठेवावा. डुलला तर वाकला आहे. बोल्टांच्या भोकांभोवती तडा दिसला, तर डाग देऊन वेळ भागवू नये, पट्टीच बदलावी. गाडीच्या तळातले आटेही तपासावेत. नवा मेंबर कुजक्या पत्र्यात आवळणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवी कौले चढवणे होय.

बसवताना सर्व बोल्ट आधी बोटांनी चढवावेत, एकही पुरता आवळू नये. मग जॅक हळूहळू उतरवून वजन नव्या रबरावर येऊ द्यावे, धूड आपल्या जागी बसू द्यावे, आणि त्यानंतरच दुरुस्तीच्या पुस्तकातल्या मापाने बोल्ट आवळावेत. आम्ही उमेदीच्या काळात हे उलटे केले होते. बोल्ट आधी आवळले, रबर पिळलेल्या स्थितीतच अडकले, आणि मालक दुसऱ्या दिवशी परत आला : गाडी पूर्वीपेक्षा अधिक गुरगुरते म्हणून. सगळे बोल्ट सैल करून गाडी बसू दिली, तेव्हा गुरगुर गेली. त्या दिवशी आम्ही मजुरी घेतली नाही.

अखेरीस गिअरच्या सळया, क्लचची जोडणी आणि धुराची नळी कोठे ओढली तर जात नाही ना, हे पाहावे. पुढचे दोन आधारही तपासावेत, कारण एक आधार खचला असता त्याचा भार इतके दिवस त्यांनीच वाहिलेला असतो. आठवड्याभराने सर्व बोल्टांना पुन्हा पाना लावावा.

या साऱ्या कामाचा नियम एकच आहे. जुना आधार काढण्यापूर्वी भार दुसऱ्या भरवशाच्या आधारावर द्यावा, आणि नवा आधार आवळण्यापूर्वी भार त्याच्यावर नीट बसू द्यावा. तो नियम गिअरबॉक्सला लागू आहे आणि तिच्याखाली उताणा पडलेल्या माणसाला त्याहून अधिक लागू आहे. गिअरबॉक्स पडली तर ती उद्या पुन्हा बसवता येईल.