पडदा काळा झाला म्हणजे लॉक झाला असं नाही

कार्यालयातले संगणक आपोआप लॉक होऊ द्या म्हटलं, की नांदेडच्या सरकारी कचेरीत काय किंवा लातूरच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात काय, एकच उत्तर मिळतं : ‘आमच्याकडे लपवायचं आहे काय? आणि दारात शिपाई बसलाय की.’ लॉक म्हणजे गुपितं झाकायची सोय, हा त्यामागचा गैरसमज. खरं तर कोणाच्या नावावर काय नोंदलं गेलं, याची खात्री लॉकमुळे टिकते. तहसिलीत फेरफाराचं काम चालू आहे, डिजिटल सहीचं टोकन यूएसबीला लावलेलं आहे, पिन नुकताच टाकलाय आणि साहेब चहाला उठले, असं समजा. काही सॉफ्टवेअर पुढच्या सहीला पुन्हा पिन विचारत नाहीत. मग त्या खुर्चीत कोणीही बसो, कागदावर सही साहेबांचीच उमटते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सीखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण ती लबाडी दुसऱ्याने केली हे सिद्ध कसं करायचं? नोंदवहीत नाव साहेबांचं असतं, आणि शिपाई माणसं ओळखतो, नोंदी नाही.

पडदा काळा झाला म्हणजे लॉक झाला, ही समजूतही अशीच घट्ट बसलेली. वीज वाचवायला मॉनिटर बंद पडतो ती सेटिंग वेगळी आणि पासवर्ड मागणारी वेगळी. स्क्रीनसेव्हर लावला, पण परत येताना लॉगिनचा पडदा दाखवा ही खूण केली नाही, तर माउस हलवताच सगळं उघडं. उलट, लॉक केलं की काम थांबतं हेही खरं नाही. डाउनलोड, प्रिंट, टॅलीचा बॅकअप मागे चालूच राहतात. थांबतात ते संगणक झोपवल्यावर, म्हणजे स्लीपमध्ये. या दोन गोष्टींची गल्लत झाली की बिचाऱ्या लॉकवर आळ येतो.

सर्व्हरवर एकदा बटण दाबलं की सगळी मशीन सुधारली, असंही मानलं जातं. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यातल्या मशीनवर, ग्रुप पॉलिसीने हे जमतं, पण ती प्रत्येक मशीनवर साधारण 90 मिनिटांनी, त्यात आणखी 30 मिनिटांपर्यंतची भर पडून, ताजी होते. शिवाय स्क्रीनसेव्हरची पॉलिसी वापरकर्त्याला लागते, तर मशीन किती वेळ पडून राहिल्यावर लॉक व्हावी ही मर्यादा मशीनला. सामायिक संगणकावर दुसरी बरी. आकडा सेकंदांत द्यायचा असतो. 15 मिनिटांसाठी 900 लिहायचे. मिनिटं समजून 15 लिहिलं तर पंधरा सेकंदांत मशीन लॉक, आणि दुपारपर्यंत कार्यालयात बोंबाबोंब. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, म्हणून ती वापरणाऱ्या छोट्या दुकानात एकेक मशीन हाताने लावण्याला पर्याय नाही.

मग वेळ जितकी कमी तितकं बरं, असा उत्साह काहींना येतो. कार्डव्यवहारांचे पीसीआय नियमसुद्धा 15 मिनिटांवर थांबतात, आणि त्याला कारण आहे. मिनिटामिनिटाला पासवर्ड मागा, लोक तो मॉनिटरला चिकटवतील किंवा माउस हलवणारं यंत्र आणतील. नांदेडच्या विष्णुपुरी रुग्णालयासारख्या ठिकाणी अपघात विभागाला आणि लेखा शाखेला एकच आकडा लावणं हा आळस आहे. आणि लॉकने सगळं वाचतं असंही नाही : पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये सुमारे 94 कोटी गेले ते मालवेअरच्या वाटेने, उघड्या पडद्यावरून नव्हे. तरीही, शेजारच्या टेबलावरून होणाऱ्या घोटाळ्याला हाच स्वस्त उपाय आहे. मात्र चौघांत मिळून एकच लॉगिन असेल तर 900 असो की 300, चौघांकडे किल्ली असतेच. त्यामुळे आधी प्रत्येकाचं खातं वेगळं करावं, सेकंद मग ठरवावेत, आणि उठताना विंडोज-एल दाबायची सवय लावावी, कारण कोणताही आकडा ठरवला तरी तेवढा वेळ खुर्ची रिकामी आणि पडदा उघडाच राहतो.